दुकान आपलं, गाणी दुसऱ्याची

सहा भाग, सहा सांगणारे, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाचा सूर असा, की आधीच्याने सांगितलं ते काही तसं घडलं नव्हतं. ‘द प्लेलिस्ट’ या स्वीडिश मालिकेची ही बांधणी. स्पॉटिफाय कशी उभी राहिली याची ही गोष्ट ऑक्टोबर 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. स्वेन कार्लसन आणि योनास लेयोनहुवुद या दोन पत्रकारांच्या पुस्तकावरून ती प्रेरित आहे, दिग्दर्शन मुख्यतः पेर-ओलाव सोरेन्सनचं. भागांची नावं सरळसोट आहेत: दृष्टी, उद्योग, कायदा, कोडर, भागीदार, कलाकार. पहिला भाग संस्थापकाचा, शेवटचा गायिकेचा, आणि मधल्या चौघांना आपापल्या परीने वाटत असतं की आपण नसतो तर हे झालं नसतं.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या कोवर्किंग ऑफिसांत बसणाऱ्या, कळवा-डोंबिवलीहून लोकलला लटकून तिथे पोचणाऱ्या पोरांच्या ‘बघायलाच हवी’ यादीत ही मालिका असते. ती पाहून पोरं बहुधा पहिल्या भागातच अडकतात. एक हट्टी मुलगा, एक वेडी कल्पना, सगळ्यांचा नकार आणि शेवटी विजय. हे चढणारं औषध आहे, मान्य. पण ज्याला खरोखर गाण्यांचा धंदा करायचा आहे, किंवा असा धंदा बुडतो कसा हे समजून घ्यायचं आहे, त्याने मालिकेची बांधणी पाहावी. एकच गोष्ट सहा जणांना सांगावी लागते, कारण या धंद्यात कोड एकाचा, पैसा दुसऱ्याचा, कायदा तिसऱ्याच्या हातात आणि गाणं भलत्याचंच. यातला एक जण उठून गेला तर काय होतं, ते मालिकेत दिसत नाही. ते पाहायला पुण्याला जावं लागतं. तिथली ‘धिंगाणा’ ही कंपनी याच रस्त्याने, जवळपास याच वर्षांत गेली, आणि तिच्या गोष्टीतून एक सांगणारा खरोखर उठून गेला.

आधी मालिका.

पहिल्या भागातला डॅनियल (आडनाव ‘एक’, त्यामुळे मराठी वाक्यात पंचाईत होते, म्हणून पुढेही नुसता डॅनियल) स्टॉकहोमच्या एका साध्या उपनगरात वाढलेला. पदवी नाही म्हणून गूगल त्याला नाकारते. तो जाहिरातींचं तंत्र विकून पैसे मिळवतो आणि मग फुकट्या गाण्यांच्या जगाला फुकट्यांपेक्षा चांगला पर्याय द्यायचं ठरवतो. एडविन एंद्रे या नटाने त्याला जवळजवळ भावरहित ठेवलंय, आणि ही निवड मला फार आवडली. चेहऱ्यावर उत्साह नाही, डोळ्यांत चमक नाही, फक्त ‘हे असंच व्हायला हवं’ ही चिकाटी. नायकाला गोड करायचा मोह दिग्दर्शकाने टाळला नसता तर पुढच्या पाच जणांची तक्रार ऐकायला आपण थांबलोच नसतो.

दुसरा भाग पेर सुंडिनचा. हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस. अशा गोष्टीत हा खलनायक असायचा: सूट घातलेला, सीडीच्या ढिगावर बसलेला, काळ ओळखू न शकलेला. मालिका त्याला पूर्ण एक भाग देते. विक्री घसरते, माणसं कमी करावी लागतात, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं त्यांना समोर बसवून ‘उद्यापासून येऊ नका’ हे सांगावं लागतं. बाहेर मात्र ‘पायरेट बे’ या वेबसाइटवाली पोरं गाणी फुकट वाटून हिरो झालेली असतात. या भागानंतर पहिल्या भागातले डॅनियलचे संवाद आठवून पाहा, ते जरा उर्मट वाटायला लागतात. आधी ऐकलेल्या वाक्याचा सूर मागाहून बदलणं ही लेखनातली अवघड कारागिरी आहे, आणि इथे ती साधली आहे.

पण माझं मन रमलं ते चौथ्या भागात, आंद्रेआस एन या कोडरच्या. त्याचा ध्यास एकच. बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे. थांबणं नाही, गोल फिरणारं चक्र नाही. आज हे वाचून कुणाला विशेष वाटणार नाही, पण 2006 च्या आसपास इंटरनेटवरचं गाणं म्हणजे आधी वाट आणि मग गाणं. स्पॉटिफायने लक्ष्य ठेवलं होतं 200 मिलिसेकंदांचं, कारण त्याहून कमी उशीर माणसाला जाणवतच नाही. हे साधलं कसं, त्याची तांत्रिक माहिती त्यांच्या इंजिनिअरांनी 2010 मध्ये एका निबंधात दिली आहे आणि ती मालिकेइतकीच वाचनीय आहे. गाण्याचा पहिला तुकडा कंपनीच्या सर्व्हरवरून झटकन यायचा, आणि तो वाजेपर्यंत उरलेलं गाणं इतर ऐकणाऱ्यांच्या कॉम्प्युटरांवरून गोळा व्हायचं. त्या निबंधानुसार एकूण डेटापैकी सर्व्हरवरून यायचा फक्त 8.8 टक्के, 35.8 टक्के इतर ऐकणाऱ्यांकडून, आणि निम्म्याहून जास्त आधीच स्वतःच्या मशिनवर साठलेला. गाणं सुरू व्हायला लागणारा मध्यक वेळ 265 मिलिसेकंद. म्हणजे पायरसीवाल्यांचंच तंत्र उचलून त्यांच्याविरुद्ध वापरलं. 2014 मध्ये कंपनीने ही पद्धत सोडली, तोवर सर्व्हर पुरेसे झाले होते.

आता हाच ध्यास आपल्याकडे आणून पाहू. धिंगाणाच्या भरभराटीची वर्षं म्हणजे साधारण 2010 ते 2013. त्या काळी डोंबिवली-कल्याणच्या फास्ट लोकल दिवा सोडल्यावर पारसिकच्या बोगद्यात शिरायच्या. 1916 सालचा हा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. (2022 मध्ये नवे मार्ग सुरू झाल्यापासून फास्ट लोकल मुंब्रा-कळव्याच्या अंगाने जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला.) बोगद्यात रेंज गुल. ठाण्याकडच्या तोंडाने गाडी बाहेर पडली की फोन पुन्हा टॉवर शोधणार, नेटचं ‘ई’ हे अक्षर कोपऱ्यात उगवणार, आणि तोवर ठाणे येऊन दारात धक्काबुक्की सुरू झालेली. 200 मिलिसेकंदांचं स्वप्न स्टॉकहोममध्ये ठीक आहे. इथे अंतऱ्याची एक ओळ गिळली जायची. त्यात एक जीबी थ्रीजी डेटा अडीचशे रुपयांच्या आसपास. गाणं ‘फुकट’ असलं तरी ऐकणाऱ्याचा खिसा हलका होतच होता, फक्त तो पैसा गाण्याच्या कंपनीकडे न जाता मोबाईल कंपनीकडे जात होता.

आणि स्टेशनबाहेर बसला होता खरा प्रतिस्पर्धी. कळव्यात पुलाखाली, भाजी मार्केटच्या तोंडाशी, मोबाईल रिचार्जच्या टपऱ्या होत्या, आणि अशा प्रत्येक टपरीत एक जुनाट कॉम्प्युटर. मेमरी कार्ड टपरीवाल्याच्या हातात द्यायचं. पंधरा-वीस मिनिटांत दोन जीबी भरून परत, वीस-तीस रुपयांत. त्याच्या स्क्रीनवरचे फोल्डर मी नीट पाहिलेत: ‘नवीन हिंदी’, ‘नाईंटीज’, ‘भीमगीत’, ‘आगरी हळद’, ‘कोळीगीत डीजे’, ‘भक्ती’, आणि ‘मिक्स ताई’. शेवटचा फोल्डर धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी होता; त्या गाण्यांची नावं सांगू शकत नसत, त्यामुळे पठ्ठ्याने त्यांच्या आवडीचं सगळं एकत्र करून ठेवलं होतं. खारेगाव-विटाव्याकडून हळदीच्या मोसमात गिऱ्हाईक यायचं तेव्हा आगरी फोल्डर वर सरकलेला असायचा. प्लेलिस्ट बनवणारे म्हणून आज मोठ्या कंपन्या गलेलठ्ठ पगार देऊन माणसं ठेवतात. टपरीवाल्याला ती विद्या उपजत होती. बफरिंग शून्य, बोगद्यातही शून्य. अर्थात सगळी गाणी चोरीची, आणि गीतकार-संगीतकाराला दमडी नाही. टपरीवाल्याला कुणाला किमान रकमेची हमी द्यावी लागत नव्हती, करार करावा लागत नव्हता. आंद्रेआस एनने कितीही सुंदर कोड लिहिला असता, तरी या माणसाला 2012 च्या कळव्यात हरवता आलं नसतं.

मालिकेतल्या पायरेट बेवाल्यांची व्यक्तिचित्रं पाहताना हा टपरीवाला मला सतत आठवत होता. फरक एवढाच, की त्यांना स्वातंत्र्याची भाषा येत होती आणि याला दिवसाचं भाडं काढायचं होतं.

मग तिसरा भाग, कायद्याचा. मालिकेतला हा सर्वात कमी नाट्यमय आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा भाग. पेत्रा हान्सन ही वकील. बाकीचे क्रांती करत असताना ही बाई टेबलाशी बसून कलमं वाचते. डॅनियलला गाणी फुकट वाटायची आहेत, जाहिरातींच्या जोरावर. रेकॉर्ड कंपन्यांना ‘फुकट’ हा शब्दच नको आहे. मधे ही. गिझेम एर्दोगानने या भूमिकेत जी दमणूक दाखवली आहे, ती वाटाघाटीच्या खोलीत कधी बसलेल्या माणसाला लगेच ओळखू येईल: समोरचा ऐकत नाही आणि आपला माणूसही ऐकत नाही. या भागात तिची भूमिका स्वप्नाला ब्रेक लावणारीची नाही. ती त्या स्वप्नाला राहायला जागा मिळवून देते, आणि हे लेखकांनी न बोलता दाखवलंय.

जागेचंच उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे प्रत्येकाला ते कळतं. स्ट्रीमिंग कंपनी ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी भाडेकरू असते. तुम्ही घरात पीओपी करा, मॉड्युलर किचन लावा, सोसायटीत गणपतीची वर्गणी सगळ्यांच्या आधी द्या. अकराव्या महिन्यात मालक म्हणाला ‘आम्हालाच लागतंय घर’, की टेम्पो बोलवायचा. गाण्यांचे करारही मुदतीचे. मुदत संपली की नवा आकडा, नवी मिनिमम गॅरंटी. म्हणजे गाणी कितीही कमी वाजली तरी एवढी रक्कम द्यायचीच. जितकी जास्त माणसं ऐकतात तितका देण्याचा डोंगर वाढतो. साबणाच्या कारखान्यात माल वाढला की एका वडीचा खर्च उतरतो. इथे प्रत्येक जास्तीच्या गाण्यामागे मालकाचा वाटा तसाच उभा. स्पॉटिफायसुद्धा मिळकतीतला सुमारे 70 टक्के हिस्सा हक्कधारकांना देते.

यावर स्पॉटिफायने काढलेला तोडगा मालिकेत येतो, तो लक्ष देऊन पाहावा. रेकॉर्ड कंपन्यांना कंपनीतच भाग दिले. सगळ्यांचे मिळून 18 टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ नाममात्र किमतीला. मालकालाच भाडेकरूच्या दुकानात भागीदार केलं. आता करार मोडला तर मालकाचंही नुकसान. ही खेळी किती खोल होती ते 2018 मध्ये कळलं. स्पॉटिफाय न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली आणि वॉर्नर म्युझिकने आपला सगळा हिस्सा विकून 50 कोटी डॉलरच्या वर मिळवले.

आता धिंगाणा. स्वप्नील आणि स्नेहल शिंदे या जुळ्या भावांनी 2007 मध्ये ती सुरू केली. एक ऑफिस पुण्यात, एक कॅलिफोर्नियात. हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू, पंजाबी धरून तीसहून अधिक भाषांतली गाणी, ऐकणाऱ्याला मोफत, खर्च जाहिरातींवर. 2012 मध्ये लाइटस्पीडसारख्या गुंतवणूकदारांकडून 70 लाख डॉलर आले. कंपनीचा आकडा होता महिन्याला दीड कोटी ऐकणाऱ्यांचा. परदेशी बातम्यांत तिला ‘भारताची स्पॉटिफाय’ म्हटलं जायचं. ज्या काळात भारतीय स्टार्टअप म्हणजे अमेरिकेतल्या कल्पनेची इथली नक्कल असं समीकरण होतं, त्या काळात ही माणसं स्पॉटिफाय बाजारात येण्याआधीच कामाला लागली होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. स्पॉटिफाय लोकांसाठी खुली झाली ती ऑक्टोबर 2008 मध्ये.

फेब्रुवारी 2014 मध्ये धिंगाणा बंद झाली. टी-सीरिजबरोबरचा करार पुढे चालू राहिला नाही. हिंदी सिनेमाच्या नव्या गाण्यांचा एवढा मोठा साठा एका झटक्यात गेल्यावर दुकानाच्या फळ्यांवर उरतं काय? पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या ‘आरडिओ’ या कंपनीने ती विकत घेतली. आरडिओ स्काईपच्या संस्थापकांची, दिसायला इतकी देखणी की अजून लोक तिची आठवण काढतात. नोव्हेंबर 2015 मध्ये तीही दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता पँडोराने साडेसात कोटी डॉलरला घेतली. देखणेपणाने भाडं भरता येत नाही, एवढंच त्यातून दिसलं.

इथे ‘द प्लेलिस्ट’ने शिकवलेली वाचनाची पद्धत कामाला येते. मराठी माणसाची कंपनी, मोठ्या कंपनीने हात काढून घेतला, गोष्ट संपली, असं सांगणं सोपं आहे. पण पेर सुंडिनच्या खुर्चीत बसून हीच गोष्ट पाहिली तर? टी-सीरिजचा जन्मच कॅसेटच्या धंद्यातला, पैशा-पैशाच्या हिशोबातला. त्यांनी 2007 मध्ये यूट्यूबवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि 2011 मध्ये समेट करून तिथेच आपलं चॅनल वाढवायला घेतलं. म्हणजे 2014 पर्यंत त्यांच्याकडे स्वतःचं दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, जाहिरातीचा पैसा थेट येत होता. मग जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत ॲपला गाणी भाड्याने द्यायची कशाला, आणि किती कमी भाड्याने? या खुर्चीतून पाहिलं तर निर्णय निर्दय वाटत नाही, व्यापारी वाटतो. पाच वर्षांनी, 2019 मध्ये, तेच चॅनल जगात सर्वाधिक सबस्क्रायबर असलेलं चॅनल झालं.

कायद्याचा आधार घेता येईल, अशी आशाही या धंद्यातल्या काहींना होती. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 31डी आलं: प्रसारण करणाऱ्याला ठरलेलं मानधन भरून, मालकाच्या परवानगीवाचून गाणी वाजवता येतील. रेडिओसाठी ते होतंच. इंटरनेटवरच्या ॲपलाही लागू होईल का, हा प्रश्न. एअरटेलच्या ‘विंक’ने ते लागू आहे असं म्हटलं, ‘टिप्स’ या रेकॉर्ड कंपनीने विरोध केला, आणि एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्सच्या बाजूने निकाल दिला. स्ट्रीमिंगला हे कलम लागू नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आली, तीही वॉर्नरशी मुंबई उच्च न्यायालयात भांडतच. ज्या कंपनीवर मालिका निघाली तिलाही इथे पुन्हा तिसऱ्या भागापासूनच सुरुवात करावी लागली.

पाचवा भाग मार्टिन लोरेन्तझोन या भागीदाराचा. उड्या मारणारा, बडबड्या, पैसा असलेला आणि पैशाला न घाबरणारा माणूस. ख्रिश्चन हिलबोर्गने तो मस्त रंगवलाय, पण भाग म्हणून तो मला सैल वाटला. एक गोष्ट मात्र त्यातून हाती लागते: थांबायची ताकद. स्पॉटिफायला पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसला 2024 मध्ये. कंपनी 2006 ची. अठरा वर्षं तोटा सोसणारा खिसा पुण्यातल्या कुठल्या कंपनीला मिळतो? आपल्याकडे जे तगले ते कुणाच्या तरी छत्राखाली तगले. ‘सावन’ हे गाण्यांचं ॲप 2018 मध्ये जिओच्या घरात गेलं. छत्र असूनही सगळे तगलेच असं नाही: विंक 2024 मध्ये एअरटेलनेच गुंडाळली. टाइम्स समूहाची ‘गाना’ एके काळी देशातलं पहिल्या क्रमांकाचं नाव. डिसेंबर 2023 मध्ये तो व्यवसाय त्याच समूहातल्या रेडिओ कंपनीने घेतला, किंमत 25 लाख रुपये. 25 लाखांत आज कळव्यात धड वन बीएचके येत नाही.

शेवटचा भाग गायिकेचा. बॉबी टी हे पात्र काल्पनिक आहे: डॅनियलची शाळेतली मैत्रीण, कोट्यवधी वेळा ऐकली जाणारी आणि तरी घरखर्चाची तोंडमिळवणी न होणारी. इथे कथा भविष्यात उडी मारते, अमेरिकन सिनेटसमोर साक्षी होतात आणि मालिका एकदम भाषण द्यायला लागते. पाच भाग ज्या लेखकांनी कुणालाच न्यायाधीश केलं नाही, त्यांनी सहाव्यात न्यायालयच भरवावं, हे मला खटकलं. मुद्दा खरा आहे, पण तो सांगायला सिनेटची गरज नव्हती. बॉबीच्या हातातला मानधनाचा कागद पुरला असता.

आपल्याकडे तर गायकाच्याही मागे गीतकार उभा असतो, दिसेल न दिसेल असा. जनकवी पी. सावळाराम आमच्या ठाण्याचे, शहराचे नगराध्यक्षही झालेले. वसंत प्रभूंच्या चाली आणि लता मंगेशकरांचा आवाज लाभलेली त्यांची गाणी एचएमव्हीच्या तबकड्यांवरून घराघरात गेली. त्या पिढीच्या गीतकारांचा व्यवहार बहुधा एकरकमी असायचा. गाणं दिलं, पैसे घेतले, विषय संपला. गाणं पुढे कुठेही वाजलं तरी गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही, ही तरतूद कायद्यात आली ती थेट 2012 मध्ये. एचएमव्हीची आता सारेगामा झाली आहे, आणि त्या कंपनीने 2017 मध्ये केलेली गोष्ट स्ट्रीमिंगवाल्यांना चिमटा काढणारी आहे. ‘कारवां’ नावाचा रेडिओसारखा डबा, आत पाच हजार गाणी भरलेली, इंटरनेट नको, बफरिंग नको. पुढे मराठी गाण्यांचाही आला. म्हणजे कळव्याच्या टपरीवाल्याचीच कल्पना, फक्त मालकाने स्वतः केलेली, बिलासकट. आईवडिलांना भेट म्हणून तो डबा धो-धो विकला गेला.

मालिकेतली खरी उणीव मला दुसरीच वाटते. सहा जण बोलतात, पण ऐकणारा बोलत नाही. कान लावून बसलेला, पैसे न देणारा, जाहिरात लागली की आवाज बारीक करणारा, महिना 99 रुपये म्हटलं की ‘यूट्यूबवर आहे ना’ म्हणणारा माणूस. स्वीडनमध्ये त्याला वगळून गोष्ट पुरी होत असेल. इथे तोच नायक आहे आणि त्यानेच एकामागून एक कंपन्यांचा हिशोब चुकवला आहे. फ्लिपकार्टने 2012 मध्ये ‘फ्लाइट’ नावाने अधिकृत गाणी सुटी विकायला काढली, एकेक गाणं चहाच्या किमतीत. दीड वर्षाच्या आत, जून 2013 मध्ये दुकान बंद. चहा मात्र रोज विकला गेला.

शिंदे बंधूंनी धिंगाणानंतर 2015 मध्ये ‘मेझी’ काढली, प्रवासाचं बुकिंग करून देणारा चॅट सहायक. 2018 मध्ये ती अमेरिकन एक्स्प्रेसने घेतली. मग 2019 मध्ये ‘झेनी’, कंपन्यांची हिशोबवही सांभाळणारी. या दोन्ही धंद्यांत विकायचा माल दुसऱ्या कुणाच्या तिजोरीत नाही, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

‘द प्लेलिस्ट’ पाहायची असेल तर माझी शिफारस अशी: तिसरा भाग आधी पाहा, मग पहिला. कराराचा कागद डोळ्यांसमोर असला की डॅनियलच्या स्वप्नाची किंमत कळते, आणि पहिला भाग जास्त चांगला वाटतो, कमी नाही. आणि एक विनंती मराठी पत्रकारांना आणि प्रकाशकांना. स्पॉटिफायची गोष्ट दोन स्वीडिश पत्रकारांनी शोधून, माणसांना भेटून, सविस्तर लिहिली म्हणून तिच्यावर मालिका होऊ शकली. धिंगाणाची गोष्ट तितकीच चांगली आहे. तिचे संस्थापक, पुण्यात कोड लिहिणारे इंजिनिअर, करारावर सही न करणारे अधिकारी, त्या ॲपवर पहिल्यांदा मराठी गाणी ऐकणारे परदेशातले मराठी लोक, आणि जमलं तर एखादा मेमरी कार्डवाला, सगळे अजून भेटू शकतात. कुणीतरी ती लिहायला घ्या, आणि एकाच माणसाला विचारून लिहू नका.